वसई धर्मप्रांत : किल्ल्यापासून तलासरीपर्यंत

वसई म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं चिमाजी अप्पांचं, मग किल्ला, मग विरार लोकल. चौथं काही आठवलंच तर सुकेळी. पण मला बघायचं होतं दुसरंच काहीतरी. वसईत चर्चेस आहेत साडेचारशे वर्षांपूर्वीची आणि वसईला स्वतःचा बिशप, म्हणजे कॅथलिक धर्मप्रांताचा प्रमुख, मिळाला १९९८ साली, म्हणजे माझं कॉलेज संपत आलं होतं तेव्हा. मधली सगळी शतकं ह्या लोकांचा कारभार कोण बघत होतं, कुठून बघत होतं, हे डोक्यात बसलं होतं. त्यात पुण्याला बिशप म्हणून आलेले थॉमस डाबरे हे मूळचे वसईचे आणि त्यांची पीएच.डी. तुकारामांवर, हे कळल्यापासून तर जास्तच. कॉलेजातला एक मित्र नंदाखालचा आहे, कुपारी म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे ये की, पण नुसता किल्ला बघून फोटो टाकून पळणार असशील तर येऊ नको." जानेवारी होता, हवा बरी होती, गेलो.

गुरुवार

पुण्याहून दादर, दादरहून विरार लोकल. मित्र म्हणाला वसईला उतरू नको, नालासोपाऱ्याला उतर, सुरुवात तिथून करू. मला वाटलं स्तूप दाखवणार असेल, आणि दाखवलाच, बुरुड राजाच्या कोटातला, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी खणून काढलेला. पण त्याचा मुद्दा वेगळा होता. पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, जॉर्डेनस नावाचा एक डॉमिनिकन संघाचा फ्रायर, म्हणजे व्रतस्थ साधू, ह्या बाजूला आला होता, बरोबर फ्रान्सिस्कन संघाचे चार जण होते. ते चौघं ठाण्यात मारले गेले. जॉर्डेनस तेव्हा भडोचच्या वाटेवर होता, तो परत आला आणि त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. पुढे ओडोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन आला त्याने ती हाडं उकरून बरोबर घेतली आणि थेट चीनला नेली! म्हणजे सोपाऱ्यात आज त्यातलं बघायला काही नाही, आजूबाजूला नुसत्या बिल्डिंगी आणि रिक्षा. पण "ख्रिस्ती धर्म इथे पोर्तुगिजांनी आणला" हे वाक्य आपण जितक्या सहज बोलतो तितकं ते सरळ नाही एवढं लक्षात आलं. हा जॉर्डेनस पुढे १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप नेमला गेला. सोपाऱ्याला तेव्हाही बिशप मिळाला नाही, मित्र हसत म्हणाला, आमची वेटिंग लिस्ट तिथपासून आहे.

दुपारनंतर किल्ला. किल्ल्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी परत तेच लिहीत नाही, फक्त चर्चेसच्या नजरेने बघितला तर काय दिसतं ते सांगतो. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली आणि नेमकं त्याच सुमाराला गोव्याला डायोसिस, म्हणजे स्वतंत्र धर्मप्रांत, मिळाला होता. त्यामुळे वसई पहिल्या दिवसापासून गोव्याच्या ताब्यात. आत फिरताना एकेका संघाचं एकेक चर्च लागतं, फ्रान्सिस्कनांचं, जेजुइटांचं, डॉमिनिकनांचं, ऑगस्टिनियनांचंही होतं. एवढ्याशा गावात इतके मठ कशाला हा प्रश्न मला पडला, तर कारण असं की हे सगळे संघ स्वतंत्र, प्रत्येकाचा वरिष्ठ वेगळा, प्रत्येकाला राजाकडून मिळालेल्या जमिनी वेगळ्या, आणि खेडीपाडीसुद्धा वाटून घेतलेली, हे गाव ह्यांचं ते गाव त्यांचं. ह्या सगळ्यांपेक्षा वेगळं एक चर्च म्हणजे सेंट जोसेफ, ज्याचा उंच मनोरा लांबूनच दिसतो. ते कुठल्या संघाचं नाही, ते बिशपच्या अखत्यारीतलं. त्याच्यावर शिलालेख आहे १६०१ चा, गोव्याचे आर्चबिशप, म्हणजे वरच्या दर्जाचे बिशप, आलेशो द मेनेझिस ह्यांच्या काळात नव्याने बांधल्याचा. लोक त्याला चक्क कथीड्रल म्हणतात. कथीड्रल म्हणजे जिथे बिशपची खुर्ची असते ते, आणि वसईत तर बिशप नव्हताच! मान मोठा, पद नाही. मनोऱ्याचा जिना अरुंद आणि अंधारा आहे, आणि पोट सुटलेल्या माणसाने वर जायच्या आधी दोनदा विचार करावा.

फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या फरश्या आहेत, पोर्तुगीज नावं, पदव्या, सालं, काही झिजून गेलेली. लोक त्यावर उभं राहून प्री-वेडिंग शूट करतात. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही पण मित्राचा चेहरा पडला.

जेजुइटांच्या चर्चला आता गोन्सालो गार्सिया ह्यांचं नाव आहे आणि अख्ख्या किल्ल्यात आजही मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, होतो तो इथे. गोन्सालो गार्सिया हा वसईचाच मुलगा, बाप पोर्तुगीज, आई इथली, जेजुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संत जाहीर केलं. भारतातला पहिला संत. ब्रदर होता तो, फादरसुद्धा नाही. त्याला जेजुइटांनी संघात घेतलं नव्हतं म्हणून तो फ्रान्सिस्कनांकडे गेला आणि आता त्याचं नाव लागलंय ते जेजुइटांच्याच चर्चला, ही गंमत तिथल्या पाटीवर अर्थातच लिहिलेली नाही.

१७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर गोरे फ्रायर गेले, चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या, नाशकात नारोशंकराच्या देवळात आहे ती १७२१ सालची घंटा त्यातलीच. पण गावातले ख्रिस्ती लोक कुठे जाणार, ते इथलेच. शेती त्यांची, विहिरी त्यांच्या. तहात त्यांना धर्म पाळायची मुभा राहिली आणि गोव्याहून येणारे देशी पाद्री त्यांच्या चर्चेसमध्ये काम करत राहिले. मला विचाराल तर वसईच्या चर्चचा इतिहास खरा इथून सुरू होतो, किल्ल्याच्या बाहेर, राजाश्रय गेल्यावर. पुस्तकात नेमकं उलटं असतं, १७३९ ला धडा संपतो.

शुक्रवार

सकाळी पापडी. इथलं अवर लेडी ऑफ ग्रेस हे चर्च म्हणजे धर्मप्रांताचं आजचं कथीड्रल, मूळ स्थापना १५७४ ची. बाहेर नाक्यावर रिक्षा, भाजीवाल्या, बस, आणि समोर बॅसीन कॅथलिक बँक. ही बँक १९१८ मध्ये मोन्सिन्योर मोनीस नावाच्या धर्मगुरूंनी सुरू केली, सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्यांना सोडवायला. बँक सहकारी आहे, चर्चची मालकी नाही, पण इथल्या माणसाच्या मनात दोन्ही एकाच नाक्यावरच्या गोष्टी आहेत.

कथीड्रलमध्ये आत गेलो तेव्हा साफसफाई चालली होती. अल्तारापाशी बिशपची खुर्ची आहे. बिशप नसताना त्यावर दुसरा कोणी फादर बसत नाही, तो मिस्सा करत असला तरी त्याची जागा बाजूला. साफ करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पवित्र आठवड्यात या, तेव्हा बघा, सगळे फादर एकत्र असतात." गुड फ्रायडेच्या आधी एक मिस्सा असतो ज्यात बिशप तीन प्रकारची तेलं आशीर्वादित करतात, आजाऱ्यांसाठी, बाप्तिस्म्यासाठी आणि दृढीकरण-दीक्षेसाठीचं. ती तेलं मग बाटल्या भरभरून प्रत्येक चर्चमध्ये जातात, पार तलासरी-मोखाड्यापर्यंत. वर्षभर जिथे जिथे बाळाचा बाप्तिस्मा होणार तिथे हेच तेल लागणार. धर्मप्रांत ही काय चीज आहे हे मला नकाशापेक्षा ह्या तेलावरून जास्त नीट कळलं.

तिथून बारामपूर, बिशप हाऊस. मला वाटलं होतं काहीतरी पॅलेस असेल, तसं काही नाही, ऑफिस आहे. नोंदवही, वॉचमन, फाइली, बाहेर बाकावर बसलेलं एक जोडपं लग्नाच्या कागदपत्रांसाठी आलेलं. एक वयस्कर फादर भेटले, त्यांनी चहा दिला आणि तास-दीड तास बोलले. नाव लिहू नका म्हणाले, नाही लिहीत.

मी थेट विचारलं, १७३९ ते १९९८ तुम्ही कोणाचे होतात? फादर हसले, म्हणाले ते सांगायला कागद लागेल. आणि खरंच कागद घेतला.

तर ते असं. गोव्याचा बिशप आणि त्याच्यामागे पोर्तुगालचा राजा, कारण पोपने राजाला अधिकार दिलेला होता की पूर्वेकडच्या देशांत बिशप तूच सुचव, चर्चेसचा खर्च तूच कर, ह्यालाच पाद्रोआदो म्हणतात. पुढे पोर्तुगालची ताकद आटली तशी रोमने आपली माणसं वेगळी पाठवायला सुरुवात केली, प्रोपागांडा फिदे नावाच्या खात्यामार्फत. मुंबईत इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज पाद्री काढले आणि कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले, ते रोमचे. म्हणजे खाडीच्या अलीकडे गोवा, पलीकडे रोम. १८३८ मध्ये पोपने पाद्रोआदोचे भारतातले काही अधिकार काढून घेतले तर गोव्याने ते मानायलाच नकार दिला, आणि मग मुंबई-साष्टीत एका चर्चमध्ये गोव्याचा फादर, दुसऱ्यात रोमचा, एका घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या चर्चमध्ये, भांडणं कोर्टापर्यंत. एकाच देवाची प्रार्थना करणारे लोक सही कोणाची चालेल ह्यावरून शंभर वर्षं भांडतात ह्यात मला तरी नवल वाटलं नाही, आपल्याकडे देवस्थान ट्रस्टची भांडणं कोणी बघितली नाहीत?

१८८६ मध्ये करार झाला आणि पोर्तुगिजांच्या समाधानासाठी एक नवाच डायोसिस काढला, दमण. वसई त्या दमणच्या डायोसिसमध्ये गेली. दमणच्या बिशपला वर "क्रांगानोरचा आर्चबिशप" असा केरळातला जुना किताबही चिकटवून दिला, नुसता नावापुरता. हा डायोसिस टिकला १९२८ पर्यंत. त्या वर्षी रोम आणि पोर्तुगालचा परत करार झाला, दमणचा डायोसिस बंद, त्याचा ब्रिटिश मुलखातला भाग मुंबईला जोडला, नाव उरलं ते गोव्याला चिकटलं, म्हणून आजही ते "गोवा आणि दमण" असं लिहितात. आणि मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असा आळीपाळीने करायचं ठरलं! स्वातंत्र्यानंतर ते चालणं शक्यच नव्हतं. १९५० मध्ये तेही संपलं आणि वॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये कार्डिनल. वसईत त्यांच्या नावाचं हॉस्पिटल आहे, इथल्या लोकांच्या तोंडी ते नाव त्या हॉस्पिटलमुळेच जास्त.

म्हणजे गोवा, मग दमण, मग मुंबई. वसई कायम कोणाच्या तरी टोकाला.

"मग १९९८ ला काय बदललं?" मी विचारलं. फादरांनी बाहेर बाकावर बसलेल्या जोडप्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, आधी ह्यांची फाइल कुलाब्याला जायची. मुलगी कॅथलिक, मुलगा हिंदू असेल तर चर्चमधल्या लग्नाला बिशपची सूट लागते, त्याची फाइल, आणि ती कुलाब्याच्या आर्चबिशप हाऊसला. वसईहून पहाटेची लोकल, चर्चगेट, तिथून पुढे, पत्र इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत. खेड्यातल्या शेतकऱ्याला ते काय झेपणार, तो फादरला म्हणायचा तुम्हीच काय ते करा.

भाषेचं खरं कारण इथे आहे असं मला वाटतं. मुंबईच्या कॅथलिकांचा कारभार इंग्रजीत, थोडं कोकणी. वसईचा माणूस घरात सामवेदी, वाडवळी नाहीतर कोळी बोली बोलतो आणि शाळेत, चर्चमध्ये, पेपरात मराठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, लॅटिन जाऊन लोकभाषा आली तेव्हा वसईत ती मराठी आली. इथलं "सुवार्ता" मासिक मराठी, प्रवचन मराठी, गाणी मराठी. एवढ्या मोठ्या इंग्रजी आर्चडायोसिसच्या उत्तर टोकाला हा मराठी तुकडा, शिवाय त्यामागे डहाणू-जव्हारचा आदिवासी भाग, त्याचं काम वेगळ्याच प्रकारचं. २२ मे १९९८ ला पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी मुंबईतून तोडून वसई धर्मप्रांत केला, पहिले बिशप थॉमस डाबरे, भुईगावचे. २००९ मध्ये ते पुण्याला आले आणि नाशिकहून फेलिक्स मच्याडो वसईला, तेही वसईचेच. हे मच्याडो आर्चबिशप, पण वसई काही आर्चडायोसिस नाही. पदवी त्यांची वैयक्तिक, आधी व्हॅटिकनमध्ये मोठ्या कामावर होते म्हणून मिळालेली. त्यामुळे पंधरा वर्षं पाट्यांवर "आर्चबिशप" आणि खाली "वसई धर्मप्रांत" असं वाचून बाहेरचे लोक गोंधळायचे. वयाची ७५ वर्षं पूर्ण झाली की बिशपने पोपकडे राजीनामा द्यायचा असतो, स्वीकारायचा कधी ते पोप ठरवतात. २०२४ मध्ये थॉमस डिसोजा तिसरे बिशप झाले, ते इथल्याच एका चर्चचे प्रमुख फादर होते.

शनिवार

सकाळी मित्राच्या बाइकवरून गिरीज, निर्मळ, आगाशी असा फेरा. रस्ते बारीक, दोन्ही बाजूला केळी, नारळ, मोगऱ्याचे वाफे, मध्येच तळं. ही हिरवळ आपोआप राहिलेली नाही. नव्वदच्या दशकात बिल्डर आणि टँकर ह्यांच्या विरोधात हरित वसईचं आंदोलन झालं, पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, नंदाखालचे. तेच पुढे २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, जुलै २०२४ मध्ये गेले. संमेलनाच्या वेळी जो आरडाओरडा झाला की फादर कसे अध्यक्ष, तेव्हा मी पुण्यात बसून तो वाचला होता. इथे आल्यावर तो वाद किती बालिश होता ते कळतं, इथे फादर मराठीत लिहितो ही बातमीच नाही. गिरीजला जीवन दर्शन केंद्र आहे, धर्मप्रांताची शिबिरं, अभ्यासवर्ग तिथे होतात. आवार शांत आहे, फार वेळ थांबलो नाही.

निर्मळला एका बाजूला शंकराचार्यांच्या समाधीचं मंदिर आणि तळं, थोड्या अंतरावर होली क्रॉस चर्च. कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते आणि यात्रेला ख्रिस्ती लोकही येतात, खरेदीला, फिरायला, वर्षाची भांडी-सुकी मासळी भरायला.

आगाशीला भुजिंग खाल्लं. त्यावर वेगळा लेख होईल.

दुपारी एका जुन्या चर्चच्या ऑफिसात गेलो, मित्राच्या ओळखीने. इथे पॅरिशला धर्मग्राम म्हणतात. मला तिथली रजिस्टरं बघायची होती. जुनी आता कोणाच्याही हातात देत नाहीत, वाळवी आणि दमट हवा, पण कारभार कसा चालतो ते क्लार्कने मस्त समजावलं. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू अशी तीन रजिस्टरं ठेवावीच लागतात, चर्चच्या कायद्यातच आहे. ह्यात राजा म्हणजे बाप्तिस्म्याचं रजिस्टर. समजा इथल्या मुलीचं लग्न वांद्र्याला झालं, तर वांद्र्याच्या चर्चने इथे कळवायचं आणि इथे तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासात लग्नाची नोंद करायची. कोणी फादर झाला, सिस्टर झाली, तरी तिथेच नोंद. म्हणून लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा दाखला "ताजा" लागतो, सहा महिन्यांच्या आतला, घरातल्या कपाटातला जुना चालत नाही, कारण जुन्यात समास कोरा असतो! क्लार्क म्हणाला दुबईत, कॅनडात गेलेली पोरं फोन करतात, दाखला व्हॉट्सॲपवर टाका. तो टाकत नाही. सही-शिक्क्याचाच द्यायचा.

लग्नाआधी तीन रविवार मिस्सात नावं पुकारतात, कोणाला हरकत असेल तर सांगा म्हणून. आपल्याकडे रजिस्टर मॅरेजची नोटीस लागते तसंच, फक्त इथे सगळं गाव ऐकत बसलेलं असतं.

मग रचना. धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू, हाताखाली एक-दोन सहाय्यक. त्यांच्या बदल्या बिशप करतात, साधारण काही वर्षांनी, आणि बदलीची यादी निघायच्या दिवसांत वसईत काय चर्चा रंगतात म्हणे, राज्याच्या मंत्रिमंडळाचीसुद्धा होत नसेल. लोकांच्या बाजूने पॅरिश कौन्सिल आणि एक आर्थिक समिती. आर्थिक समिती सक्तीची, कौन्सिल सल्ल्यापुरतं, शेवटचा शब्द फादरचा. ह्यावर ऑफिसात बसलेले एक काका तावातावाने बोलले, की सल्ला घेतात पण ऐकत नाहीत, हिशोब वाचून दाखवतात पण प्रश्न विचारायला वेळ देत नाहीत. क्लार्क गप्प. मला काकांचं पटलं. लोकांच्या घामावर उभ्या असलेल्या संस्थेत लोकांना नुसतं सल्लागार ठेवायचं हे आज फार दिवस चालेल असं वाटत नाही, मग ती कुठल्या का धर्माची असेना. पण काका आजही त्या कौन्सिलात आहेत आणि सणाच्या मांडवाचं काम त्यांच्याच अंगावर आहे हेही खरं.

काही धर्मग्रामं मिळून एक डीनरी, तिचा एक डीन. वर बिशप, त्यांच्या मदतीला व्हिकार जनरल, कागदपत्रांसाठी चान्सेलर, फादरांची सल्लागार मंडळं. बिशपने पाच वर्षांत सगळ्या धर्मप्रांताला एकदा तरी अधिकृत भेट द्यायची असते, तेव्हा रजिस्टरंही तपासतात. बिशपच्या वर मात्र कोणी साहेब नाही, हे मला नवीन होतं. मुंबईचे आर्चबिशप हे ह्या प्रांताचे मेट्रोपॉलिटन, पुणे, नाशिक, वसई हे त्यांच्या प्रांतातले डायोसिस, पण ते वसईच्या बिशपला रोजच्या कारभारात हुकूम सोडू शकत नाहीत. बिशपचा हिशोब थेट रोमशी.

रविवार

नंदाखालला सकाळचा मिस्सा. पवित्र आत्म्याचं चर्च, १५७३ ची स्थापना. माणसं इतकी की आम्ही बाहेरच्या मांडवात उभे. म्हाताऱ्या बायका लाल लुगड्यात, पोरी जीन्समध्ये, पुढच्या बाकांवर दीक्षेच्या तयारीतली मुलं. पेटी, तबला, आणि अख्खं चर्च गातंय, मला चाली ओळखीच्या वाटल्या, एक तर सरळ भजनाच्या वळणाची. प्रवचन मराठीत, मध्येच फादर सामवेदीत काहीतरी बोलले आणि सगळे हसले, मला अर्धंच कळलं. शेवटी सूचना. कोणाच्या लग्नाची पुकार, लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठका, रक्तदान शिबिर, दफनभूमीच्या गवताची सफाई. सूचना मिस्सापेक्षा लांबल्या असं मित्र म्हणाला, तो दर रविवारी असंच म्हणत असणार.

जेवायला त्यांच्या घरी, इंद्याल आणि वडे. मित्राच्या आई सारखं वाढत होत्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे गोड खाता म्हणून खीरपण केलीय हो." पोट तट्ट फुगल्यावर मी विचारलं, मावशी, १९९८ ला वसई वेगळी झाली तेव्हा काय वाटलं? त्यांनी जरा आठवलं आणि म्हणाल्या, मोठा कार्यक्रम झाला होता, आम्ही सगळ्या गेलो होतो, बिशप आपला होता ना, भुईगावचा, त्याला आपली भाषा कळायची. एवढंच.

संध्याकाळी वसई पूर्वेला एक चक्कर मारली कारण तिथे एक गंमत आहे. पश्चिमेला ही जुनी गावं, पूर्वेला बाहेरून आलेले लोक, त्यात मल्याळी कॅथलिक भरपूर. ते कॅथलिकच, पोपला मानणारेच, पण केरळातल्या सिरो-मलबार परंपरेचे, त्यांचा मिस्सा वेगळा, त्यांचे फादर वेगळे आणि त्यांचा बिशप कल्याणचा. कल्याणचा हा डायोसिस (ते त्याला एपार्की म्हणतात) १९८८ ला झाला, म्हणजे वसई धर्मप्रांताच्या दहा वर्षं आधी. त्यामुळे एकाच सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या डिसिल्वांचे बिशप वसईचे आणि खालच्या जोसेफांचे कल्याणचे. हे ऐकून मला शुक्रवारचं पाद्रोआदोचं भांडण आठवलं, पण इथे भांडण नाही, हे रोमने ठरवूनच केलेलं आहे, हद्दीपेक्षा माणसाची परंपरा बघून.

सोमवार

मित्राने सुट्टी टाकली, गाडी काढली, अहमदाबाद हायवेने मनोर, चारोटी, तलासरी. हायवेचं वर्णन नको, ज्यांनी गाडी चालवलीय त्यांना माहीत आहे. पण हा प्रवास केल्याशिवाय धर्मप्रांत किती लांब पसरलाय ते समजत नाही. नकाशावर तो जवळजवळ आजचा पालघर जिल्हा आहे, जो २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे चर्चने हा जिल्हा सरकारच्या सोळा वर्षं आधी वेगळा काढला म्हणायचा. लाखाहून जास्त कॅथलिकांपैकी बहुतेक सगळे वसई तालुक्याच्या पश्चिम पट्टीत. बाकी डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, एवढ्या मोठ्या मुलखात तुरळक. तिथे मिशन.

तलासरीचं मिशन जेजुइटांचं, ज्ञानमाता नावाची शाळा आहे, वारली आणि इतर आदिवासी मुलं शिकतात, लांबच्या पाड्यांवरची बोर्डिंगात राहतात. आम्ही गेलो तेव्हा मैदानावर खो-खो चालला होता, बाहेर सायकलींची रांग. इथल्या फादरांचं प्रकरण वसईच्या फादरांपेक्षा वेगळं असतं. वसईतला फादर धर्मप्रांताचा, तो आयुष्यभर त्या एका बिशपचा. जेजुइट मात्र संघाचा, त्याला कुठे पाठवायचं ते त्याचा प्रोव्हिन्शियल, म्हणजे संघाचा इथला प्रमुख, ठरवतो, आणि बिशपच्या हद्दीत चर्च चालवायचं तर बिशपची मान्यता लागते. दोन वरिष्ठ सांभाळायचे. भेटलेले फादर म्हणाले, अवघड काही नाही, बिशप वसईला, प्रोव्हिन्शियल मुंबईला, आणि मी इथे, रेंजही येत नाही.

इथे मराठीचाही प्रश्न वेगळा होतो. वसईला मराठी ही आपली भाषा म्हणून मिळवलेली, तलासरीत मुलं घरात वारली बोलतात, बाजारात गुजराती ऐकतात आणि मराठी शाळेत शिकतात. कुलाब्याच्या इंग्रजीबद्दल जी तक्रार वसईची होती तीच उद्या तलासरीने वसईच्या मराठीबद्दल केली तर? मित्राला विचारलं. तो गाडी चालवत होता, म्हणाला, करतील की, आणि करायलाच पाहिजे, आम्ही केली तशी.

येताना विरारच्या आधी दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि माझी पुण्याची गाडी चुकली.

जाणाऱ्यांसाठी थोडं : किल्ला सकाळी लवकर करा, दुपारी तापतो. चर्चेस दिवसभर उघडी असतात असं नाही, मिस्साच्या वेळेच्या आसपास जा, आणि मिस्सा चालू असताना फोटो काढू नका, विचारलंत तर नंतर स्वतःहून दाखवतात. पापडी, रमेदी, सांडोर, माणिकपूर ही रिक्षाने एका दिवसात होतात, माणिकपूरचं सेंट मायकल १६०६ चं, वसई रोड स्टेशनपासून जवळ. नंदाखाल, आगाशी, निर्मळ विरारहून सोपं पडतं. तलासरीला मात्र आधी कळवून जा, ती शाळा आहे, परीक्षेच्या दिवसांत तर नकोच.